हवा विकणारे गाव

तांबड्या समुद्राला उत्तरेकडे दोन शिंगे फुटली आहेत. पश्चिमेचे सुएझचे आखात आणि पूर्वेचे अकबाचे. या दोन शिंगांमधला त्रिकोण म्हणजे इजिप्तचा सिनाई प्रांत. अकबाच्या आखाताच्या काठी, शर्म अल शेखपासून सुमारे 90 किलोमीटर उत्तरेला दहब नावाचे लहानसे गाव आहे. जगभरचे हौशी लोक तिथे समुद्रात बुडी मारायला आणि वाऱ्यावर स्वार व्हायला जातात. मी 2024 च्या नोव्हेंबरात तिथे गेलो तो 2,520 डॉलरच्या वसुलीसाठी.

हिशेब आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. 2023 च्या अखेरीस मी सोलापूरहून 1,500 टॉवेल दहबच्या एका व्यापाऱ्याकडे रवाना केले. तो तिथल्या लॉजना आणि पाणबुड्यांच्या केंद्रांना चादरी, टॉवेल, अभ्रे पुरवतो. नगाचा भाव 2 डॉलर 40 सेंट, एकूण 3,600. त्यातले 1,080 आगाऊ आले. उरलेले 2,520 माल पोचल्यावर 90 दिवसांनी द्यायचे ठरले. कागदपत्रे बँकेमार्फत पाठवली असती तर पैसे भरल्याशिवाय त्याला माल सुटला नसता. पण ओळख कैरोच्या एका जुन्या घाऊक व्यापाऱ्याने करून दिली होती, आणि ओळखीवर उधार देण्याची खोड आपल्या लोकांची जात नाही. निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी एक्स्पोर्ट क्रेडिट गॅरंटी कॉर्पोरेशन आपल्याकडे आहे. तिचा फॉर्म माझ्या टेबलाच्या खणात कोराच पडला होता.

माल जानेवारीत पोचला. पैसे एप्रिल 2024 मध्ये यायचे होते. मधल्या काळात, 6 मार्चला, इजिप्तच्या मध्यवर्ती बँकेने आपला पौंड मोकळा सोडला. 31 पौंडांना मिळणारा डॉलर बघता बघता 50 च्या घरात गेला. माझे 2,520 डॉलर त्याच्या वहीत 78,120 पौंड होते, ते 1,26,000 झाले. टॉवेल तेवढेच, सूत तेच, कर्ज मात्र दीडपटीच्या वर. आधी तो फोनवर मुदत मागत होता, मग 'इन्शाअल्ला' म्हणू लागला. हा शब्द व्यापारात दोन सुरांत म्हटला जातो, हे आपल्या बाजारातही सर्वांना ठाऊक आहे. पुढे त्याने फोन घेणेच सोडले.

एवढ्या रकमेसाठी मुंबईहून कोणी विमानाचे तिकीट काढणार नाही. कैरोत दुसरे काम निघाले, त्याला दहब जोडून घेतले.

कैरोहून रात्रीची बस निघते ती आठ-नऊ तासांनी दहबला पोचते. सुएझ कालव्याच्या खालून बोगद्यातून जावे लागते आणि पुढे चौक्याच चौक्या. शिपाई बसमध्ये चढतो, पासपोर्ट गोळा करतो, कधी सगळ्यांचे सामान खाली उतरवून रांगेत मांडायला लावतो. शेजारचा तरुण दर चौकीला मला हलवून जागे करी, "या हग्ग, पासपोर्ट." इजिप्तमध्ये जीमचा उच्चार ग करतात, म्हणून हाजचा हग्ग होतो, आणि वयस्क माणसाला हाज म्हणणे ही तिथली साधी अदब आहे. मी त्याला दोनदा सांगितले, बाबा, मी अजून हजला गेलेलो नाही. तो हसला आणि तिसऱ्या चौकीलाही तेच म्हणाला.

पहाटे डोंगर दिसू लागले. झाड नाही, गवत नाही, भाजलेल्या विटेच्या रंगाचे उघडे दगड. मग एकदम समुद्र, आणि त्याच्या पलीकडे साधारण पंचवीस किलोमीटरवर दुसरी डोंगररांग. ती सौदी अरबस्तानची. त्या तरुणाच्या हाकेनंतर ती रांग पाहताना मनात काय आले ते वाचकांना सांगायला नको.

हवा एक, धंदे दोन

दहब या शब्दाचा अर्थ सोने. उर्दू शाळेत शिकल्याचा एक फायदा असा की अरबी पाट्या वाचता येतात, आणि तोटा असा की त्या समजल्यासारख्या वाटतात. कापडाच्या दुकानावर 'कुमाश' लिहिलेले पाहून मी थबकलो. आपण उर्दूत 'या कुमाशचे लोक' म्हणतो, म्हणजे या तऱ्हेचे लोक. अरबीत कुमाश म्हणजे सरळ कापड. पण एक शब्द मात्र मराठी, उर्दू आणि तिथल्या बोलीत सारखाच निघाला, तो म्हणजे हवा. सकाळी चहा पिताना बाजूच्या बाकावरची मुले एकमेकांना विचारत होती, आज हवा आहे का? म्हणजे वारा आहे का. आणि शेजारच्या केंद्रात एक माणूस लोखंडी यंत्राने सिलिंडरमध्ये दाबून भरत होता तीही हवाच. हे सारे गाव या एका जिनसेवर चालते.

पहिल्या दिवशी माझा कर्जदार गावात नव्हता. दुकानातल्या मुलाने सांगितले, उद्या येतील. म्हणून मी चालत सुटलो. किनाऱ्याने एक लांब पायवाट आहे. मशरबा, मस्बत, असला अशी वस्त्यांची नावे. पाण्याला लागून चहा-जेवणाच्या जागा, खाली गालिचे, त्यावर गाद्या-तक्के. लोक तासन्तास लोळत असतात. दुकाने दहा-अकराच्या आत उघडत नाहीत. मांजरे सर्वत्र. पाश्चात्त्य पाहुण्यांच्या पोशाखाबद्दल वाचक विचारतील, तर किनाऱ्यावर जसा असतो तसाच तो असतो. गावातले लोक त्याकडे बघत नाहीत, आणि नमाजाची वेळ झाली की दुकानाच्या दाराला खुर्ची आडवी लावून मशिदीत जातात. मीही तेच केले.

गावाच्या दक्षिणेला वाळूची एक जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्या आत खाडीसारखे उथळ पाणी आहे, त्याला लगून म्हणतात. आखात दोन्ही बाजूंच्या डोंगरांमुळे नळीसारखे झाले आहे. उत्तरेचा वारा त्या नळीत कोंडतो आणि जोर धरतो. दिवस चढून डोंगर तापले की आणखी वाढतो, संध्याकाळी पडतो. वर्षातले बहुतेक दिवस हेच चालते. वाळूची जीभ लाटा अडवते, वारा मात्र तिच्यावरून सुखाने येतो. म्हणजे वर जोराचा वारा आणि खाली सपाट पाणी. फळीवर उभे राहून शीड धरणाऱ्यांना किंवा पतंगाला स्वतःला बांधून घेणाऱ्यांना याहून अधिक काय हवे? साठ-सत्तर पतंग एकाच वेळी आकाशात होते. प्रत्येक पतंग नऊ ते बारा चौरस मीटरचा, वीस-बावीस मीटर लांब दोऱ्यांवर, आणि खाली माणूस पाण्यावरून घसरत जातो.

बाकीचे लोक माणसे बघत होते. मी कापड बघत होतो.

वाऱ्याला कोणी मालक नाही. पण तो धरायचे कापड हजार युरोच्या वर जाते. हे कापड आहे तरी काय, म्हणून मी विचारत विचारत मागच्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे पोचलो. एका खोलीत लांब मेज, दोन शिलाई मशिने, आणि भिंतीवर रंगीबेरंगी फाटके पतंग. मी तुकडा हातात घेतला, चुरगाळला, उजेडाला धरला. माणूस हसला आणि म्हणाला, "तुम्ही कपड्यातले आहात." कळले कसे, विचारले, तर म्हणाला, "गिऱ्हाईक रंग बघते. तुम्ही बोटांनी बघता."

हा माणूस महल्ला अल कुब्राचा. नाईलच्या खोऱ्यातले हे गाव म्हणजे इजिप्तचे सोलापूर समजा. तलत हर्ब यांनी काढलेल्या बँक मिस्रने 1927 मध्ये तिथे कापड गिरणी उभी केली, ती देशातली सर्वांत मोठी झाली. 2006 च्या डिसेंबरात आणि पुन्हा 2008 च्या एप्रिलमध्ये तिथल्या कामगारांची आंदोलने जगभर गाजली. या माणसाचे वडील त्या गिरणीत मागावर होते, तो स्वतः शिलाई शिकला, आणि पर्यटकांना चहा देण्याच्या कामासाठी दहबला आला. एकदा कोणाचा तरी पतंग फाटला, इथे शिवणारे कोणी नव्हते. तिथून त्याचा धंदा सुरू झाला.

त्याने सांगितलेले व्यापारी बंधूंसाठी थोडे तपशिलाने देतो. पतंगाचे कापड पॉलिएस्टरचे, चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या तलम मलमलीएवढे हलके. त्यात ताण्यात आणि बाण्यात दर काही धाग्यांनंतर एक जाड धागा घातलेला असतो, त्यामुळे कापडावर बारीक चौकड्या दिसतात. फाटायला सुरुवात झाली तर फाट पुढच्या जाड धाग्यापाशी अडते. म्हणून त्याचे नाव रिपस्टॉप. विणून झाल्यावर त्याला दोन्ही बाजूंनी लेप देतात, कारण त्यातून हवा पार गेली तर पतंग उचलणारच नाही. पुढच्या कडेला नळी असते, ती डेक्रॉनच्या घट्ट विणीची, आणि तिच्या आत फुगवायचा फुगा. फाटलेली जागा शिवताना सरळ टीप मारायची नाही. सरळ टिपेची भोके टपालाच्या तिकिटासारखी ओळीने पडतात आणि कापड तिथूनच सुटते. नागमोडी टीप मारायची, ती ताण घेते. धागा पॉलिएस्टरचा, आणि टिपेच्या खाली चिकटपट्टी. "कापड वारा फाडत नाही, हाज. कापड ऊन खाते. वारा फक्त शेवटचा धक्का देतो," तो म्हणाला. त्याने ज्या पतंगाकडे बोट दाखवले त्याचा निळा रंग धुतलेल्या लुंगीसारखा झाला होता.

एका मोठ्या फाटीचे तो तीस-चाळीस युरो घेतो, आणि युरोतच घेतो. पौंड पडला तेव्हा गावात एकट्याचे नुकसान झाले नाही ते याचे. मला हे पुढे दुसऱ्या दिवशी, माझ्या कर्जदारासमोर बसलो असताना आठवले.

दुसरी हवा सिलिंडरमधली. लोक समजतात त्यात ऑक्सिजन असतो. तसे नाही. तुमच्या-आमच्या श्वासातली साधी हवा गाळून, कोरडी करून, दाबून भरतात. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशेपट दाबाने भरली की 2,400 लिटर होते. हा साठा किती वेळ पुरतो हे खोलीवर ठरते. दहा मीटर खाली दाब दुप्पट, म्हणून हवा निम्मा वेळ पुरते. तीस मीटरवर चौपट दाब, पाव वेळ. एका केंद्राच्या मालकाने हे मला गल्ल्यावरच्या कागदावर मांडून दाखवले. खाली जाल तसा प्रत्येक श्वास महाग. माझ्यासारख्या दुकानदाराला एवढे सांगितले की पुरे.

दहबचे वैशिष्ट्य असे की तिथे प्रवाळाची भिंत किनाऱ्याला लागून आहे. बहुतेक ठिकाणी होडी लागत नाही. जीपने जायचे, पाठीला सिलिंडर बांधायचा आणि चालत पाण्यात उतरायचे. होडीचा खर्च वाचतो, म्हणून हे गाव स्वस्त पडते आणि नवशिके इथे येतात. तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम, मग अठरा मीटरपर्यंत जाण्याची परवानगी देणारे कार्ड. ही कार्डे देणाऱ्या ज्या संस्था आहेत त्यातली पाडी ही 1966 मध्ये अमेरिकेत निघाली. तिचे कार्ड दहबला घेतलेले असो की आणखी कुठे, जगातल्या कोणत्याही केंद्रात चालते. पूर्वी एका पेढीची हुंडी दुसऱ्या शहरात वटे, तसाच हा प्रकार आहे. आपल्या तारकर्लीलाही पर्यटन महामंडळाने स्कुबाचे प्रशिक्षण केंद्र काढले आहे. कोकणातल्या आपल्या मच्छीमार मुलांनी ही कार्डे घ्यावीत असे मला तिथे बसून फार वाटले. समुद्र त्यांचा, पण कागद दुसऱ्याचा, असे होऊ नये.

गावाच्या उत्तरेला आठ-दहा किलोमीटरवर ब्लू होल नावाची जागा आहे. किनाऱ्याला लागून समुद्रात एक गोल विहीर, सुमारे शंभर मीटर खोल. वरून तिचे पाणी शाईसारखे दिसते. पन्नास-पंचावन्न मीटरवर तिला बाहेरच्या समुद्राकडे जाणारी एक कमान आहे. हौशी पाणबुड्यांची मर्यादा चाळीस मीटर. ती ओलांडून कमानीतून जायचा मोह अनेकांना झाला. तेवढ्या खोलीवर नायट्रोजनची नशा चढते, माणसाला आपल्या हवेचा काटा बघायचे भान राहत नाही. जे परत आले नाहीत त्यांच्या नावाच्या पाट्या तिथल्या कड्यावर ठोकल्या आहेत. नाव, जन्मसाल, मृत्यूसाल. मी वयांची वजाबाकी करत उभा राहिलो. बरेचसे माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचे. पाट्यांच्या खाली पंधरा पावलांवर चहाची दुकाने आहेत आणि तिथे गर्दी होती.

मुझैना

ही जमीन मुझैना टोळीच्या बदूंची. खजुरीची झाडे, मासेमारी, उंट, शेळ्या यावर ते राहत. 1967 च्या युद्धात सिनाई इस्राएलच्या ताब्यात गेला, तेव्हा पहिले पाहुणे इथे येऊ लागले. 1982 मध्ये प्रदेश इजिप्तला परत मिळाला. किनाऱ्यावर झावळ्यांच्या झोपड्या भाड्याने देण्याची रीत पडली, म्हणून आजही तिथे स्वस्त लॉजला 'कॅम्प' म्हणतात, मग तो सिमेंटचा का असेना. मग कैरोचे आणि युरोपचे लोक भांडवल घेऊन आले. आज केंद्रे, हॉटेले, शिकवणारे मास्तर यात बाहेरचेच अधिक. कोरोनाच्या काळापासून घरून काम करणारे शहरी लोकही राहायला आले आणि घरभाडी चढली. बदूंकडे प्रामुख्याने जीप, उंट, वाळवंटातले रात्रीचे जेवण आणि चहा. छोट्या मुली धाग्याची, मण्यांची कडी घेऊन किनाऱ्यावर फिरतात. एकीने माझ्या मनगटाला कडे बांधूनच टाकले आणि मग भाव सांगितला. असा विक्रेता आपल्या नवी पेठेतही टिकेल!

ज्या जीपवाल्याने मला ब्लू होलला नेले, त्याने घरी चहाला बोलावले. असलाच्या मागच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. अंगणात त्याची आई जमिनीवरच्या मागावर पट्टा विणत होती. चार खुंट्या, त्यावर ताणलेला शेळीच्या केसांचा ताणा, आणि ती त्याच विणलेल्या भागावर बसून पुढे सरकत होती. माग कसला, चार खुंट्या उपटल्या की उंटावर लादून न्यायचा. अशा अरुंद पट्ट्या एकमेकींना शिवून तंबू होतो. कोरड्या हवेत विणीतून वारा खेळतो, पाऊस आला की केस फुगून भोके बुजतात. लेप नाही, रसायन नाही. लगूनवरचे कापड हवा अडवते, हे कापड हवेला वेळ पाहून आत घेते.

या तंबूला ते 'बैत शअर' म्हणतात, केसांचे घर. आम्ही शाळेत बैतबाजी खेळत होतो, तेव्हा बैत म्हणजे फक्त शेराच्या दोन ओळी असे समजून चाललो होतो. शेराला घर का म्हणतात हे मला पन्नाशी उलटल्यावर, एका विणकर बाईच्या अंगणात समजले.

मी पट्ट्याचा भाव विचारला. मुलाने आईला विचारले. ती म्हणाली, हा विकायचा नाही, पण विकायचा असता तर एवढे. तो आकडा ऐकून मी मनात मजुरी काढली. रोजचा दर आपल्या मागवाल्यापेक्षाही कमी पडत होता. आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत 'बदू गालिचा' म्हणून जे लटकत होते, त्यांची मागची बाजू मी उलटून पाहिली होती. ती यंत्राची वीण होती. दोन ठिकाणी तर पंचे आणि छापील ओढण्या आपल्याकडच्या निघाल्या. दुकानदाराला सांगितले तेव्हा त्याने डोळा मारला. ज्या गिऱ्हाइकाला उलटी बाजू बघता येत नाही, त्याच्यामुळे त्या बाईची मजुरी पडते. नकली मालाला तिथल्या दुकानदाराइतकेच आपणही माल पुरवतो, हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहितो.

तिचा धाकटा मुलगा पाणबुड्यांचा मास्तर होण्याचा अभ्यास करत होता. पुस्तक इंग्रजीत, फी युरोत. थोरल्याची जीप त्यासाठी गहाण होती.

वसुली

दुसऱ्या दिवशी माझा कर्जदार दुकानात भेटला. चाळिशीतला, दाढी पांढरी होऊ लागलेली. मला पाहून उठला, गळाभेट घेतली, आणि चहा येईपर्यंत वर पाहिले नाही. मग त्याने आपली वही काढून माझ्यासमोर उलटी करून ठेवली.

वही खरी होती, हे मी कोणत्याही व्यापाऱ्याला सांगू शकतो. खोटी वही इतकी वाईट लिहिलेली नसते. त्याने माझे 1,100 टॉवेल विकले होते, बहुतेक मार्चपूर्वी, 31 च्या हिशेबाने, पौंडात आणि उधारीवर. घेणारे कॅम्प आणि लॉज. ऑक्टोबर 2023 मध्ये गाझात युद्ध पेटले, त्यानंतर सिनाईकडे येणाऱ्या पाहुण्यांनी नोंदण्या रद्द केल्या. लॉज रिकामे, त्यामुळे याची वसुली अडकली. उरलेले 400 टॉवेल मागच्या फळीवर होते, सोलापूरच्या बांधणीतच. "तुझे घेऊन जा," तो म्हणाला. 960 डॉलरचा माल परत नेण्याचे भाडे कोण भरणार?

तो म्हणाला, मी 31 च्या भावाने विकले, तुला 78,120 पौंड देतो, हिशेब बरोबर. आजच्या भावाने ते 1,560 डॉलरच्या आसपास होतात. मी म्हणालो, सूत मी रुपये मोजून घेतले, माझा रुपया तुझ्या पौंडाबरोबर पडला नाही. दोघांचेही म्हणणे खरे होते, हीच अडचण होती. तासभर आवाज चढले. मग मी महल्लाच्या त्या दुरुस्तीवाल्याला बोलावून आणले, कारण दोघांना ओळखणारा तोच एक माणूस होता.

त्याने एकच प्रश्न विचारला, "लिहून घेतले होते का?" नव्हते. उधारी लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हे आपल्याला केव्हाचे सांगितलेले आहे. ते दोघेही मान खाली घालून ऐकत होतो.

शेवटी असे ठरले. डॉलर पूर्ण 2,520, कपात नाही. पण मुदत द्यायची, तंगीत असलेल्याला मुदत देणे आपल्यावर आहेच. 1,000 त्याच दिवशी, 760 मार्च 2025 अखेर, 760 जून अखेर. दोन प्रती, दोन साक्षीदार, एक अरबीत आणि तिच्या खाली मी उर्दूत. यावर दुरुस्तीवाल्याने त्याला सल्ला दिला, की पुढच्या खेपेला लॉजवाल्यांना टॉवेल विकू नको, धुऊन भाड्याने दे, आणि ज्यांचे पाहुणे युरोत देतात त्यांच्याकडून युरोत घे. तो म्हणाला, आमच्या गावात धुवायला गोडे पाणी विकत घ्यावे लागते. सल्ला तिथेच राहिला.

या गावाचा गल्ला गावाच्या हातात नाही. 24 एप्रिल 2006 रोजी याच पायवाटेवर तीन स्फोट झाले, वीसहून अधिक माणसे मेली. 31 ऑक्टोबर 2015 रोजी शर्महून निघालेले रशियाचे विमान सिनाईत पडले, 224 जण गेले, आणि पाहुण्यांची विमाने वर्षानुवर्षे बंद राहिली. मग 2020 ची टाळेबंदी, मग गाझा. प्रत्येक वेळी वारा तसाच वाहत होता, पाणी तितकेच निळे होते. माल शिल्लक आणि गिऱ्हाईक नाही. माझ्या कर्जदाराने हे चार आकडे मला बोटांवर मोजून दाखवले, पाचवे बोट त्याने उघडेच ठेवले.

मार्चचा हप्ता अकरा दिवस उशिरा आला. जूनच्या 760 पैकी 400 आले. 360 यायचे आहेत, आणि आता तो फोन घेतो.

दुरुस्तीवाल्याने निघताना मला रिपस्टॉपचा वीतभर तुकडा दिला होता. सोलापुरात तो मी एका जुन्या मागवाल्याला दाखवला. त्याने भिंग लावून धागे मोजले, तुकडा तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली. म्हणाला, "विणून देईन. सुरतेतही असे विणतात, छत्र्यांना, तंबूंना. पण हवा अडते ती विणीने नाही, लेपाने. तो लेप कोण देतो ते आधी शोधा." सध्या मी तेच शोधतो आहे.